साहेबांच्या नावाचं मासिक

माझी पुतणी पुण्याला एका कंपनीत डेटाबेसचं काम करते. म्हणजे लोकांची माहिती कंप्युटरात नीट लावून ठेवायची, कुणी मागितली की झटकन काढून द्यायची आणि हरवू द्यायची नाही. मागच्या उन्हाळ्यात घरी आली होती. ओसरीवर बसून म्हणाली, "काका, आमच्या कामावरचं एक मासिक आहे. वर्षाचे बरेच पैसे घेतात. नेटवर तर सगळं फुकट मिळतं. मग घ्यावं का?"

मी म्हटलं, "घे. पण पाकिटावर नाव तुझं घाल. साहेबाचं घालू नकोस."

ती हसायला लागली. आता पाकीट नसतं काका, ईमेलवर येतं म्हणाली. मग ईमेल तुझाच दे, म्हटलं. म्हातारा चळला असं तिला वाटलं असणार. चळलोबिळलो काही नाही. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी हेच काम मी वेल्ह्यात बसून केलंय, गोणपाट शिवायच्या दाभणानं. आणि पैसे भरून मासिक घ्यावं का, या प्रश्नावर माझ्याइतकं पोळलेला माणूस भोर-वेल्ह्यात दुसरा नसेल.

साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेती, जनावरं, विहिरी यांची माहिती गोळा करणाऱ्या खात्यात मी नोकरीला होतो. मुख्य कचेरी भोरला. वेल्ह्याला एका खोलीची शाखा, तिच्यात मी आणि एक शिपाई. शिपायाच्या घरी कायम कुणीतरी आजारी असायचं, त्यामुळं मी एकटाच म्हणा. खोलीत एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि कपाटात कार्डं. प्रत्येक विहिरीचं एक जाड कार्ड. गाव कुठलं, खोली किती, पाणी उन्हाळ्यात टिकतं का आटतं, मोट आहे का इंजिन, हे सगळं त्याच्यावर.

कार्डं भरायचं काम वाईट नव्हतं. गावोगाव पायी हिंडायचो, लोक चहा पाजायचे. वाईट काम होतं ते पुण्याहून प्रश्न आला की. "इंजिन बसवलेल्या, पण उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी किती? उलटटपाली कळवा." झालं! सगळी कार्डं काढा, एकेक बघा, वेगळी करा, मोजा. मधेच वाऱ्याची झुळूक आली की अर्धी खोलीभर. पुन्हा गोळा करा, पुन्हा मोजा. दोनदा मोजलं की दोन आकडे यायचे, तिसऱ्यांदा तिसरा. मी मुळात तापट. एकदा अख्खा गठ्ठा भिंतीवर फेकून मारला होता. मग मीच तो वेचत बसलो, दुसरं कोण होतं वेचायला?

एकदा पुण्याला बैठकीला गेलो असताना तिथल्या टेबलावर मला ते मासिक दिसलं. इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, मुंबईहून निघणारं. कचेऱ्यांतली माहिती कशी ठेवावी, कार्डं कशी लावावीत, यंत्रानं ती कशी निवडून वेगळी करतात, याच्यावरच सगळा अंक. बैठक राहिली बाजूला, मी तो चाळत बसलो. आपल्या कामावर कुणी मासिक काढतं, हेच मला ठाऊक नव्हतं. आपलं काम म्हणजे हमाली, असं मी समजून चाललो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की अरे, हा तर धंदा आहे, ह्याची विद्या आहे.

पण वर्गणी! माझ्या पगाराचा चांगला लचका तोडणारी. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "वाचायला पैसं? हॉटेलात पेपर फुकट मिळतोय की." फुकट ते पौष्टिक, हे तिचंच नाही, सगळ्या मुलखाचं मत. शेवटी भोरच्या कचेरीत जाऊन भाऊसाहेबांच्या गळी पडलो.

भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. वयानं माझ्या वडिलांएवढे. आडव्या बांध्याचे, काळी टोपी, कोट, आणि कोटाच्या खिशात पानाचा डबा. तरुणपणी भोर संस्थानच्या कचेरीत कारकून म्हणून लागलेले. पुढं संस्थान विलीन झालं, पण भाऊसाहेबांच्या अंगातलं संस्थान काही विलीन झालं नाही. साहेब उभे असतील तर हे बसायचे नाहीत. साहेबांच्या आधी चहाला तोंड लावायचे नाहीत. साहेब रजेवर असले तरी त्यांच्या खुर्चीपुढून जाताना मान किंचित लवायची. आम्ही पोरं हसायचो. ते म्हणायचे, "हसा. पायरी मोडली की जिना कोसळतोय, ध्यानात ठेवा."

माणूस मात्र सोन्यासारखा. मला पोटच्या पोरासारखं वागवलं. त्यांचं इंग्रजी यथातथाच होतं, पण अक्षर बघावं! छापल्यासारखं. मी मासिकाचं सांगितल्यावर त्यांनी पानाचा डबा उघडला, सावकाश पान लावलं आणि म्हणाले, "मला त्यातलं ओ की ठो कळायचं न्हाई. पण तुझा हट्ट हाय ना? मग घेऊ." कचेरीतला टायपिस्टही तयार झाला. तिघांत वर्गणी बसली.

आता नाव कुणाचं घालायचं? मी म्हटलं, माझं घाला, मी वाचणार. भाऊसाहेबांनी जीभ चावली. "आरं, कचेरीच्या पत्त्यावर येणार आन् नाव तुझं? साहेबांना काय वाटंल?" मग साहेबांच्या नावानं मासिक सुरू झालं. साहेबांकडून वर्गणी मागायची म्हणजे पायरी सोडणं, म्हणून त्यांना फुकट. पैसे तिघांचे, मान चौथ्याचा. आणि अंक फिरायचा तोही पायरीनं. आधी साहेब, मग भाऊसाहेब, मग टायपिस्ट, मग मी. ज्याच्या हट्टानं मासिक आलं तो सगळ्यांत शेवटी, वेल्ह्यात.

त्या वेळी मी कुरकुरलो, पण फार नाही. अंक मिळतोय ना, मग महिन्यानं का होईना. साहेब तो उघडतही नव्हते. त्यांच्या टेबलावर तो आठ-पंधरा दिवस तसाच गुंडाळलेला पडायचा, मग एके दिवशी ते वरच्या कोपऱ्यात सही ठोकायचे आणि अंक मोकळा व्हायचा. भाऊसाहेब त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायचे. टायपिस्ट चित्रं बघायचा. मग तो वेल्ह्याच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती माझ्याकडं यायचा. कपूरहोळ, नसरापूर, विंझर करत गाडी संध्याकाळी वेल्ह्याला पोचायची आणि तिथंच मुक्काम करायची. मी थांब्यावर उभाच असायचो. कंडक्टर लांबूनच अंक हलवून दाखवायचा.

आणि सांगतो, त्या मासिकानं आपले पैसे फेडले. एका अंकात मला ते सापडलं. कार्डाच्या कडेला ओळीनं भोकं पाडायची. एकेका भोकाला एकेक अर्थ द्यायचा. पहिलं भोक इंजिनचं, दुसरं आटणाऱ्या पाण्याचं, असं. ज्या विहिरीला इंजिन आहे, तिच्या कार्डाचं पहिलं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापून मोकळं करायचं. मग सगळा गठ्ठा सारखा करून पहिल्या भोकातून सळई घालायची आणि उचलून हलवायची. कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची सळईवर लटकून राहतात. पडली ती इंजिनवाली. त्यांच्यात दुसऱ्या भोकातून सळई घाला, की पडली ती आटणारी. आलं उत्तर!

मी उडालोच. सळई कुठून आणू? घरात दाभण होतं, ते उचललं. भोकं पाडायला पंच पाहिजे. तो कंडक्टरकडं होता, तिकिटांना भोक पाडायचा. गाडी मुक्कामाला आली की त्याचा पंच मी मागून घ्यायचो आणि तो पिठलं-भाकर खाईपर्यंत कटाकट भोकं पाडत बसायचो. तो म्हणायचा, "काय साहेब, विहिरींना तिकीट फाडताय व्हय?" सगळी कार्डं टोचायला पावसाळा गेला. पण दिवाळीच्या आधी पुण्याचा प्रश्न आला, तेव्हा मी सकाळी दाभण घातलं आणि दुपारच्या टपालानं उत्तर दिलं. पुण्यात कुणाचा विश्वास बसेना. भोरहून साहेब स्वतः जीपनं बघायला आले. दाभण हातात घेऊन दोनदा कार्डं हलवली, पडलेली बघून लहान मुलासारखे हसले. "शाब्बास," म्हणाले. भाऊसाहेब त्यांच्या मागं उभे होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू कार्डं त्यांनीच टोचली.

त्याच दिवशी जीपमध्ये बसताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "मासिक घेतलं ते वाया न्हाई गेलं बरं का. तुझं काय तरी हुणार यातनं."

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात ते 'काय तरी' समोर आलं. एका अंकात शेवटच्या पानावर मजकूर होता. पुण्यातल्या एका संस्थेत कार्डं निवडून वेगळी करायच्या यंत्रांचं सहा महिन्यांचं शिक्षण सुरू होणार. मासिक घेणाऱ्यांसाठी काही जागा राखीव, फी माफ. शिक्षण संपलं की यंत्राच्या कामावर नोकरीची हमी. अर्ज करायचा तो फक्त मासिकातल्या कूपनवर, मुंबईला मासिकाच्या पत्त्यावर, आणि कूपन पुढच्या अंकात छापून येणार. वयाची अट होती. मी त्या वर्षी तिच्यात बसत होतो, पुढच्या वर्षी बसणार नव्हतो.

मी ते पान इतक्यांदा वाचलं की बायको म्हणाली, "पाठ झालं आसंल आता, जेवा." मग तिला सगळं समजावून सांगितलं. मी दाभणानं जे करतो ते तिथं यंत्र करतं, फडाफडा, हजारो कार्डं. ते यंत्र मला बघायचं होतं. नुसतं बघायचं नाही, चालवायचं होतं. ती म्हणाली, "पुण्याला खोली घेऊन ऱ्हायचं म्हणजे कोंबड्यांचं काय करायचं?" म्हणजे ती माझ्याही पुढं गेली होती. आठवडाभरात तिनं कोंबड्या शेजारणीला देऊनही टाकल्या. मी ओरडलो, अगं अजून अर्ज तरी जाऊ दे! ती म्हणाली, "जाणारच हाय की. तुमच्यासारखं दाभण चालवणारा दुसरा कोण हाय?" आमच्या घरात माझ्या अकलेवर एवढा विश्वास पहिल्यांदाच कुणी टाकला होता.

पुढच्या अंकाची मी चातकासारखी वाट पाहिली म्हणणार नाही, कारण चातक बिचारा कुणाला त्रास देत नाही. मी रोज संध्याकाळी थांब्यावर जाऊन कंडक्टरचं डोकं खायचो. भाऊसाहेबांना त्याच्या तोंडी निरोप दिला. अंक आला की ताबडतोब कूपन पाठवा, त्याच्यावर माझा जीव टांगलाय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "अंक आलाय. साहेबांच्या टेबलावर हाय. साहेब फिरतीवर हायेत. काळजी करू नको, मी बगतो."

मी बघतो, असं भाऊसाहेब म्हणाले म्हणजे झालंच. मी निर्धास्त राहिलो. पुढचे दोन-तीन दिवस जिवाला बरं वाटलं. पण कूपन येईना. पुन्हा निरोप धाडला. पुन्हा तेच, "काळजी करू नको." फिरतीवरून साहेब दिवाळीच्या रजेवर गेल्याचं कळलं. मुदत दिवाळीनंतर लगेच संपत होती. टेलिफोन वेल्ह्यात आमच्या खात्याला कुठला? शेवटी न राहवून मी शिपायाच्या हाती किल्ली दिली आणि सकाळची भोरची गाडी पकडली. वाटेत मनाशी ठरवत होतो. साहेबांचं नाव असलेली गुंडाळी भाऊसाहेब फोडणार नाहीत, आपणच फोडायची. होऊ दे काय व्हायचं ते. चौकशी लागली तर लागू दे.

कचेरीत पोचलो. भाऊसाहेब मला बघून खुर्चीतून उठले. चेहऱ्यावर असं हसू, की लग्नघरातल्या यजमानाच्या असावं.

"आलास? मला वाटलंच. बस. आरं, तुझा अर्ज कवाच भरून झालाय!"

मी बसलो. त्यांनी हळू आवाजात, दाराकडं बघत बघत सांगितलं. साहेबांच्या नावाची गुंडाळी त्यांनी फोडली नव्हती. पण गुंडाळीची दोन्ही टोकं उघडी असतात. दुपारी कचेरी रिकामी असताना त्यांनी आतला अंक हळूच सरकवून बाहेर काढला, ब्लेडनं कूपन कापलं आणि अंक होता तसा परत आत सरकवला. सगळ्या नोकरीत त्यांनी साहेबांच्या टेबलावरच्या वस्तूला हात लावला नव्हता, तो माझ्यासाठी लावला. मग घरी नेऊन कूपन भरलं. माझी जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, सगळं त्यांना पाठ होतं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कंदील धरायला लावून एकेक अक्षर असं कोरून काढलं, की बघणाऱ्यानं नुसत्या अक्षराला नोकरी द्यावी.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही एवढं... मग कूपन कवा टाकलं टपालात?"

"टपालात? आसं कसं?" ते म्हणाले. "साहेबांच्या सहीला ठेवलंय. योग्य मार्गानं जायला नगो? नोकरीतल्या माणसानं परभारा अर्ज केला आसं कुणी म्हणलं, तर तुझ्यावर बालंट यायचं. सोबत पत्र बी जोडलंय. शिफारसीला जागा सोडलीय. साहेब परवा येतील, आले की पयली सही तुझीच."

"भाऊसाहेब, मुदत काल संपली," मी म्हणालो. एका दिवसाचा उशीर चालवून घेतील, या आशेवरच आलो होतो; परवापर्यंत कोण थांबणार?

भाऊसाहेब म्हणाले, "कशाची?"

मी पान दाखवलं. मागच्या अंकातलं, खिशात घडी घालून आणलेलं. तारीख इंग्रजीत होती. तारीख त्यांना वाचता येत होती, इतकं इंग्रजी होतं त्यांना. पण कूपन भरण्याच्या उत्साहात तारखेकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि पाहिली असती तरी त्यांनी सहीशिवाय अर्ज पाठवला असता का, हे मला आजही सांगता येत नाही. एका खासगी संस्थेचा अर्ज, एका खासगी मासिकाच्या कूपनवर. त्याला कुठला आलाय योग्य मार्ग? पण भाऊसाहेबांच्या जगात साहेबांच्या सहीशिवाय कागद हलत नव्हता. माझ्यासाठी त्यांनी एक पायरी मोडली, आणि त्या धास्तीनं दुसरी जास्तच घट्ट धरून ठेवली.

आता मला राग यायला हवा होता. सगळी कचेरी माझ्या रागाला वचकून असायची. टायपिस्ट तर टाइप करायचा थांबून बघायला लागला, आता काय फुटतंय म्हणून. पण राग आलाच नाही. आयुष्यभर नको तिथं आला, आणि त्या दिवशी कुठं तोंड लपवून बसला कोण जाणे. मी नुसता बसून राहिलो. टेबलावर सहीची फाईल होती, तिच्यात सगळ्यांत वर माझं कूपन.

"बोल की," भाऊसाहेब म्हणाले. "शिव्या घाल. काय बी बोल."

"नाही, जाऊ द्या," मी म्हणालो. "नशिबात नव्हतं."

मी ओरडलो असतो, टेबलावर हात आपटला असता, म्हातारबा तुमच्या साहेबाला चुलीत घाला म्हणालो असतो, तर ते रडले असते, मग मी रडलो असतो, आणि काकूंनी दोघांना जेवायला वाढलं असतं. गोष्ट तिथंच संपली असती. आजही मला हळहळ वाटते ती जागा गेल्याची कमी आणि या गप्प बसण्याची जास्त. माझ्या गप्प बसण्यानं त्यांचं काळीज चिरलं. ते मला तेव्हाही दिसलं.

साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो, देवाशपथ. त्यांनी आनंदानं सही केली, वर दोन ओळी शिफारसही लिहिली. बैल गेला अन् झोपा केला, पण केला मनापासून. अर्ज मुंबईहून परत आला. मुदतीनंतर मिळाला, एवढंच लिहिलं होतं. बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या कोंबड्या आमच्या अंगणात दाणे टिपायला आल्या, त्यांना तिनं हाकललं नाही, एवढंच.

त्यानंतरचा अंक घेऊन भाऊसाहेब स्वतः वेल्ह्याला आले. एसटीतून उतरले, कोटाच्या आतून गुंडाळी काढली. साहेबांचं नाव, सही नाही, न फोडलेली. "तू फोड आदी," म्हणाले. मी म्हटलं, भाऊसाहेब, साहेबांना काय वाटेल? मी थट्टेनं म्हणालो. त्यांना ती थट्टा लागली. परतीच्या गाडीत बसेपर्यंत ते पान लावत राहिले, पण तोंडात घातलं नाही.

पुढं ते निवृत्त झाले. टायपिस्टची बदली झाली. मासिक बंद होणार, असं मी धरून चाललो होतो. तर एके दिवशी पोस्टमननं माझ्या दारात गुंडाळी टाकली. वर माझं नाव, वेल्ह्याचा पत्ता. पूर्ण वर्षाची वर्गणी भाऊसाहेबांनी पेन्शनीतून भरली होती. पुढच्या वर्षीही भरली, त्याच्या पुढच्याही. मी भोरला जाऊन भांडलो. "भाऊसाहेब, पैसे कशाला घालवता? मी भरतो." ते ऐकेनात. "तुझं काय तरी व्हईल त्यातनं," एवढंच म्हणायचे.

व्हायचं काय होतं? तोवर आमची कार्डं पुण्याला मागवून घेतली होती. तिथं यंत्र आलं होतं. ते चालवायला पुण्यातली शिकलेली मुलं आली. माझी टोचलेली कार्डं यंत्राच्या मापाची नव्हती, म्हणून त्यांची नक्कल करून मूळ कार्डं रद्दीत काढली. मला आवक-जावक दिलं. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. मासिकात आता मोठमोठ्या यंत्रांचं छापून यायचं, मला त्यातलं निम्मं कळेना, आणि कळलं असतं तरी दाभणाला काय कळणार? पैसे भरून घ्यायचं मासिक कामाचं का बिनकामाचं, हे माणूस कुठं बसलाय त्याच्यावर असतं. आवक-जावकच्या टेबलावर ते बिनकामाचंच होतं.

पण भोरला गेलो की भाऊसाहेब विचारायचे, "अंक आला? काय शिकलास या टायमाला?" आणि उत्तर ऐकायला अंगणात खाट ओढून बसायचे. म्हणून मी भोरला जाताना अंक बरोबर घ्यायचो आणि विंझर ते नसरापूरच्या खड्ड्यांत, मिळेल ते एक पान वाचायचो. त्यांना सांगायला. टेपवर माहिती साठवतात भाऊसाहेब, गाण्याच्या टेपसारखी. यंत्र आता अक्षरंही ओळखतं. ते मान डोलवायचे. "तुझ्या कामाला लई उपेग व्हत आसंल." मी म्हणायचो, "व्हय, लई." एवढी वर्षं मी ते मासिक फक्त त्यांच्यासाठी वाचलं. गंमत म्हणजे तेवढ्यासाठी वाचताना जे डोक्यात राहिलं, त्यातूनच आज पुतणीचं बोलणं मला थोडंफार समजतं.

एके वर्षी दसरा होऊन गेला आणि अंक आला नाही. वर्गणी दसऱ्याच्या सुमारास संपायची, भाऊसाहेब ती कधी चुकवायचे नाहीत. पुढच्या महिन्यातही आला नाही. मी गाडीत बसलो. त्या दिवशी हातात वाचायला काही नव्हतं.

काकूंनी दार उघडलं. म्हणाल्या, "बरं झालं आलास. मधी मधी वळख ऱ्हात न्हाई त्यास्नी. तुला वळखतील बग." भाऊसाहेब खाटेवर बसले होते. कोट नव्हता, टोपी मात्र होती. मला बघून ते अस्वस्थ झाले, उशी चाचपायला लागले, काहीतरी शोधत असल्यासारखे.

"आलास? बस," म्हणाले. "आरं, अर्ज सहीला हाय. साहेब फिरतीवर हायेत. आले की पयली सही तुझीच."

मी काकूंकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "दिसभर त्येच चाललंय," म्हणाल्या.

मी खाटेवर त्यांच्याशेजारी बसलो आणि हात हातात घेतला. आयुष्यात त्यांच्याशेजारी खाटेवर बसायची हिंमत कधी केली नव्हती. म्हटलं, "भाऊसाहेब, अर्ज गेला की. वेळेत गेला. नंबर लागला माझा."

ते माझ्याकडं वळले. "लागला?"

"लागला. तुमच्या अक्षरावरच घेतलं म्हणाले."

हळूहळू त्यांचा चेहरा उलगडला. वेल्ह्यात कार्डं पडली त्या दिवशी होता तसा. मग त्यांनी कपाळाला आठी घातली. "पेढं कुठं हायेत?"

मी तसाच उठलो, बाजारात जाऊन पुडा घेऊन आलो. सोडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बघितलं आणि हात मागं घेतला. मी एक पेढा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो परत पुड्यात ठेवला, पुड्याला होता तसा दोरा गुंडाळला आणि उशाशी सरकवला.

"आदी साहेबांना," म्हणाले. "येऊ दे त्यांना फिरतीवरनं."